रातचा कडबा

आमच्या रांजणगावात थोरल्यांच्या तोंडी सन नसायचे. कुठलीही जुनी गोष्ट दुष्काळावरून, साथीवरून नाही तर थंडीवरून सांगायची. आबा म्हणायचे, "संक्रांत सरली आन् अशी थंडी पडली, की गुरांच्या डोळ्यांतनं पाणी." पुण्याच्या वेधशाळेत 17 जानेवारी 1935 ला पारा 1.7 अंशांवर उतरला होता. आबांची थंडी तीच असावी. तेव्हा ते गुरांमागं फिरणारं पोर होते. शिरूरच्या उघड्या माळावर थंडी मोजायला कोण होतं? ती जनावरांच्या अंगावर वाचायची.

त्या रात्री गाय व्याली. पणजोबांनी छपराच्या वाऱ्याकडच्या बाजूला तरट बांधलं आणि ओली जागा खरडून बाजरीचं कोरडं सरमाड अंथरलं. वासरू गाईपुढं सरकवलं. तिनं चाटून काढलं, मग त्यांनी गोणपाटानं खसाखसा पुसलं आणि उभं राहताच चीक पाजला. शेकोटी छपराबाहेर, कारण वर सगळं गवत. पहाटे दगडी डोणीतलं रातचं गार पाणी ओतून दिलं आणि विहिरीचं ताजं, कोमट पाणी शेंदून भरलं.

आबांचा सगळा जोर मात्र एकाच गोष्टीवर असे : "झूल नसली तरी चालंल, रातचा कडबा चुकवू नगं." याचं मर्म मला पुढं कळलं. वैरण कोटीपोटात आंबते तेव्हा उष्णता सुटते. रवंथ करणाऱ्या जनावराची भट्टी पोटातच असते. ज्वारीचा कडबा रात्रभर ती धुमसत ठेवतो. नुसत्या पेंडीवर ते भागत नाही. 1972 च्या दुष्काळात गंजीच उरल्या नव्हत्या. त्या हिवाळ्याबद्दल आबा फारसं बोलत नसत.

माळावर एमआयडीसी आली, खिल्लार बैल कमी झाले. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरळी कांचनला बायफ ही संस्था उभी केली आणि या पट्ट्यातल्या दावणींना संकरित गाई दिसू लागल्या. होल्स्टीनच्या रक्ताची गाय उन्हाळ्यात हैराण होते. थंडी तिला गावरानापेक्षा जास्त सोसते. तरी हल्ली थंडीची लाट आली की लोक चारी बाजूंनी ताडपत्री ओढून गोठा कोंडतात. मुताचा उग्र वास आत साचतो आणि आधी वासरं खोकू लागतात. हे मला पाहवत नाही. जुनं छपर वारा अडवायचं, पण वरच्या बाजूनं हवेला वाट ठेवायचं.

तेव्हा गोठेवाल्या भावांनो, बहिणींनो, यंदा ताडपत्री वाऱ्याच्या बाजूलाच बांधा, वरची हवा खेळती ठेवा, वासराखालची जागा कोरडी राखा. आणि झोपण्याआधी दावणीत कडबा टाकायला विसरू नका.