फायलीतली वागणूक

निराधार मुलांना सांभाळण्याची आपली रीत तुरुंगाच्या बाजूने आली आहे. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची शाळा निघाली, ती गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना सुधारण्यासाठी. पुढे १९२४ चा मुंबईचा मुलांसाठीचा कायदा आला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी आली, डोंगरी-मानखुर्दची गृहं उभी राहिली. मुलाच्या फायलीत मात्र वागणूकच लिहिली जायची. पळतो. चोरतो. अंथरूण ओलं करतो.

खारघर-पनवेल भागात समुपदेशक म्हणून काम करताना मला एका जुन्या रजिस्टरात मुलीच्या नावापुढे ‘हट्टी, अस्वच्छ’ एवढंच सापडलं. ती आंघोळीला जायची नाही. काळजीवाहक ताई दार उघडं ठेवून बाहेर पाठ करून बसल्या, गाणी म्हणू लागल्या, तेव्हा गेली. कडी लावलेल्या खोलीत तिच्यावर काय गुदरलं होतं, ते तिने कित्येक महिन्यांनी सांगितलं.

याचं दुःख जास्त की वागणुकीमागे मुलावर काहीतरी गुदरलेलं असतं, हे मुंबईला ठाऊक होतं. टाटांच्या समाजकार्य शाळेने १९३७ मध्येच बालमार्गदर्शन केंद्र काढलं होतं. १९८८ मध्ये ‘प्रेरणा’ या संस्थेने कामाठीपुऱ्यात रात्रीचं पाळणाघर सुरू केलं, कारण आई धंद्यावर असताना मूल कुठे असतं, हा प्रश्न कुणीतरी विचारला.

मग आमच्याच पनवेल भागातलं कळंबोली. तिथल्या मतिमंद मुलींच्या खासगी गृहातले लैंगिक अत्याचार २०११ मध्ये उघड झाले, तेही उच्च न्यायालयाने नेमलेली समिती आत गेली म्हणून. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने मुख्य आरोपीला फाशी सुनावली. त्या शिक्षेपेक्षा मला मोठं वाटतं ते हे, की या मुलींचं म्हणणं कुणीतरी ऐकून घेतलं. अशी मुलगी रात्री किंचाळली, कपडे फाडू लागली, तर ‘मतिमंद आहे’ म्हणून मोकळं होण्याची सवय आमच्या सगळ्या क्षेत्राला होती.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याने प्रत्येक मुलासाठी काळजी आराखडा आणि गरजेनुसार मानसिक उपचार बंधनकारक केले. कागदावर हे उत्तम आहे. पण समुपदेशकाचं पद बहुतेक ठिकाणी कंत्राटी. मुलगी एका ताईजवळ जेमतेम बोलू लागते आणि मार्चअखेर ताईचं कंत्राट संपतं, हे मी पाहिलं आहे. नव्या ताईला ती पहिल्यापासून सगळं सांगत नाही. गप्प बसते, जेवण टाकते, आणि फायलीत पुन्हा ‘हट्टी’ लिहिलं जातं.