आंबा, फणस आणि पुढची पिढी

‘शाश्वत विकास’ हा शब्द आज सरकारी ठरावांत, वर्तमानपत्रांत व शाळेच्या पुस्तकांत वारंवार भेटतो. १९८७ मध्यें ब्रुंटलांड आयोगानें त्याचा जो अर्थ सांगितला त्याचा सारांश असा, कीं आजच्या पिढीनें आपल्या गरजा भागवितांना पुढील पिढ्यांच्या गरजांस बाध आणूं नये. २०१५ मध्यें संयुक्त राष्ट्रांनीं त्यासाठीं १७ ध्येयेंहि ठरविलीं. तथापि सामान्य मनुष्यास हें प्रकरण परकें वाटतें. म्हणून त्याचा थोडा पूर्वेतिहास पाहूं.

जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत फ्रायबेर्ग येथें रुप्याच्या खाणी होत्या. धातु गाळण्यास लांकूड अतोनात लागे. रानें विरळ होत चाललीं. तेथील खाणखात्याचे प्रमुख हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनीं १७१३ मध्यें ग्रंथ लिहून बजावलें, कीं तोडीला लागवडीची जोड हवी. रान टिकून राहील इतकाच त्याचा उपभोग घ्यावा.

हाच प्रश्न त्याच सुमारास महाराष्ट्रांतहि उभा होता. येथें निकड आरमाराची होती. कोल्हापूरचे छत्रपति संभाजी यांच्या कारकीर्दींत, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनीं ‘आज्ञापत्र’ सिद्ध केलें. आंबा-फणसाचें लांकूड आरमाराच्या उपयोगाचें, हें त्यांस ठाऊक होतें. तरी त्यांची आज्ञा स्पष्ट आहे: या झाडांस हात लावूं नये, तीं वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं पोटच्या मुलांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड फारच जीर्ण झालें असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावें; बळजोरी करूं नये.

वृक्षाच्या वाढीस लागणारा काळ राज्याच्या निकडीनें कमी होत नाहीं, हें दोघांनींहि ओळखलें. परंतु कार्लोविट्झ यांनीं लांकडाचा हिशेब मांडला, आणि अमात्यांनीं झाड लावणाऱ्याच्या संमतीचें कलम घातलें. आजच्या चर्चेंत हेंच कलम मागें पडतें. रस्ता वा कारखाना उभारतांना झाडें किती तोडलीं व किती लावलीं याचे आंकडे पुढें येतात. ज्यानें तीं जोपासलीं त्यास विचारलें काय, हा प्रश्न क्वचितच ऐकूं येतो.

शाश्वत विकासाची ओळख लोकांस करून द्यावयाची, तर आरंभ या प्रश्नापासून करावा. शेतकऱ्यास त्याचा अर्थ फोडून सांगावा लागणार नाहीं. आंब्याची कोय पुरतांना त्यानें नातवंडांचा विचार केलेलाच असतो.