सम्राट खरोखर मेला होता काय? एका चित्रकथेचा आणि तिच्या वाचकांचा इतिहास

१/
डिसेंबर १९९१. अमेरिकेतील कॉमिक्सच्या दुकानांत ‘डार्क एम्पायर’ या सहा अंकी मालिकेचा पहिला अंक आला. ‘स्टार वॉर्स’ची चित्रपटत्रयी १९८३ साली संपली, तेव्हा दुष्ट सम्राटाचा अंत प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिला होता. या चित्रकथेत मात्र तो जिवंत होता. एखाद्या आवडत्या कथेचा शेवट कागदावर बदलला गेला, तर तो बदल खरा मानायचा की नाही? आणि हे ठरवायचे कोणी? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे.

२/
या इतिहासाचा आरंभ १९९१ च्या बराच आधी होतो. ७ जानेवारी १९३४ रोजी अलेक्स रेमंड यांची ‘फ्लॅश गॉर्डन’ ही चित्रमालिका अमेरिकी वृत्तपत्रांतून सुरू झाली. मोंगो नावाचा परका ग्रह, तेथील क्रूर सम्राट मिंग आणि त्याच्याशी झुंजणारा तरुण नायक, असा तिचा थाट होता. १९३६ पासून तिच्यावर भागांचे चित्रपटही निघाले. पुढे ते दूरचित्रवाणीवर दाखवले जात आणि ते पाहत वाढलेल्या मुलांपैकी एकाचे नाव होते जॉर्ज लुकास.

३/
हाच फ्लॅश गॉर्डन महाराष्ट्रातही पोहोचला. मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. त्याच्या उभारणीत अनंत पै यांचा वाटा होता; पुढे १९६७ मध्ये त्यांनीच ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. इंद्रजालच्या अंकांत वेताळ आणि मँड्रेक यांच्या जोडीला फ्लॅश गॉर्डनच्या कथाही येत. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीसारख्या गावातील मुलाच्या हाती अमेरिकी वृत्तपत्र पडण्याचा संभव नव्हता. इंद्रजालची मराठी आवृत्ती मात्र पडू शकत होती.

४/
येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. इंद्रजालने मूळ कथा जशीच्या तशी दिली नाही. मूळचा ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ झाला. कोकणात आरवलीच्या वेतोबाला नवस बोलणाऱ्या समाजाला हे नाव परके वाटणे शक्यच नव्हते. मूळ कथेतील ‘बंगाला’ हा देश ‘डेंकाली’ झाला आणि ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले, कारण ती नावे भारतीय वाचकाला खटकली असती. म्हणजे कथेचा कायदेशीर मालक कोणीही असो, वाचकाचे मन सांभाळल्यावाचून ती नव्या भूमीत रुजत नाही, हे संपादक जाणून होते.

५/
आता पुन्हा लुकास यांच्याकडे वळू. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांना ‘फ्लॅश गॉर्डन’वरच चित्रपट काढायचा होता, पण त्याचे हक्क मिळाले नाहीत. तेव्हा त्यांनी स्वतःचे विश्व रचले. २५ मे १९७७ रोजी ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला. त्याची मार्व्हलने काढलेली चित्रकथा तर चित्रपटाच्याही आधी विक्रीला आली होती. रॉय थॉमस यांचे लेखन आणि हॉवर्ड चेकिन यांची चित्रे असलेल्या या मालिकेच्या पहिल्या सहा अंकांत चित्रपटाचीच कथा होती. सातव्या अंकापासून नवी कथा सुरू झाली.

६/
म्हणजे दुसरा चित्रपट १९८० साली येईपर्यंत पुढची कथा चित्रकथाच सांगत होती. तिच्या आठव्या अंकात जॅक्सन नावाचा हिरवा, सशासारखा अंतराळवीर अवतरला आणि चाहत्यांच्या कायमच्या थट्टेचा विषय होऊन बसला. तरीही अंक भरपूर खपले. या मालिकेने त्या काळात मार्व्हलला तारले, असे तिचे माजी मुख्य संपादक जिम शूटर यांनी सांगितले आहे. वाचक हसत होते आणि विकतही घेत होते. १०७ अंकांनंतर, १९८६ मध्ये, ही मालिका थांबली. पुढची काही वर्षे जवळपास शांतता होती.

७/
ही शांतता १९९१ मध्ये दोन दिशांनी भंगली. मे महिन्यात टिमोथी झान यांची ‘एअर टू द एम्पायर’ ही कादंबरी आली आणि थेट खपाच्या यादीत अग्रस्थानी गेली. डिसेंबरमध्ये डार्क हॉर्स या प्रकाशनाने ‘डार्क एम्पायर’ आणली. लेखक होते टॉम विच आणि चित्रकार स्कॉटलंडचे कॅम केनेडी. त्रयीनंतर सहा वर्षांनी घडणाऱ्या या कथेत सम्राटाचा आत्मा त्याच्याच प्रतिरूप देहात शिरून परत येतो आणि नायक ल्यूक त्याच्यापुढे गुडघे टेकतो.

८/
वाचकांत तट पडले. एका पक्षाचा आक्षेप नैतिक होता. डार्थ वेडरने मुलाला वाचवण्यासाठी सम्राटाला गर्तेत लोटले आणि त्यापायी स्वतःचा प्राण दिला. सम्राट जिवंतच असेल, तर बापाच्या त्या बलिदानाला अर्थ काय उरला? चित्रपटात ज्या मोहाला ल्यूकने नकार दिला, त्यालाच तो आता वश कसा होतो? दुसऱ्या पक्षाला केनेडी यांच्या काळवंडलेल्या, मोजक्या रंगांच्या चित्रांत एक गंभीर, प्रौढ कथा सापडली. मोहाच्या अगदी जवळ जाऊन परतणारा नायक त्यांना अधिक खरा वाटला.

९/
हा वाद वाचकांपुरता राहिला नाही. झान यांच्या १९९८ च्या कादंबरीत एक पात्र, परत आलेला तो खरोखर सम्राटच होता का, अशी शंका घेते. एका लेखकाने दुसऱ्या लेखकाच्या कथेवर कथेच्या आतूनच प्रश्नचिन्ह लावले! यावरून दिसते की मालकाने संमती दिली म्हणून कथा आपोआप सर्वमान्य होत नाही. तिला वाचकाची आणि सहलेखकाची मान्यता स्वतंत्रपणे मिळवावी लागते.

१०/
पुढे मालकाने आपला अधिकार वापरला. २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतली आणि २५ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाले की यापूर्वीच्या कादंबऱ्या व चित्रकथा यापुढे अधिकृत कथानकाचा भाग नसून त्या ‘लेजेंड्स’, म्हणजे दंतकथा, समजल्या जातील. ‘डार्क एम्पायर’ही त्यांत गेली. ज्यांनी वीस-वीस वर्षे ही पुस्तके जमवली होती, ते दुखावले. काही चाहत्यांनी तर वर्गणी काढून सॅन फ्रान्सिस्कोत जाहिरातफलक लावला आणि जुने कथाविश्व पुढे चालू ठेवण्याची मागणी केली. गंमत अशी की डिसेंबर २०१९ च्या चित्रपटात सम्राट पुन्हा परतला आणि तोही प्रतिरूप देहातच. दंतकथा ठरवलेली कल्पना मागच्या दाराने घरात आली.

११/
मराठी वाचकाला हा पेच अपरिचित नाही. फुरसुंगीच्या बनेश फेणेला, म्हणजे फास्टर फेणेला, भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) जन्म दिला. ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठी मुलांपर्यंत नेणारे भागवत ते हेच. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ प्रदर्शित झाला. पुस्तकांतील शाळकरी बनेश येथे तरुण झाला होता. अमेय वाघने साकारलेला हा बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरप्रकार उघड करतो. सायकलवरचा तो चुणचुणीत मुलगा मनात जपलेल्या वाचकापुढे प्रश्न उभा राहतोच: हा आपलाच बनेश काय? चित्रपटात खुद्द भा. रा. भागवत हे एक पात्र आहे आणि ते दिलीप प्रभावळकरांनी रंगवले आहे. नव्या कथेला मूळ लेखकाचा आशीर्वाद पडद्यावरच मिळवून देण्याचा हा मार्ग म्हणता येईल.

१२/
आपल्याकडे कथा पुढे नेण्याची परंपरा फार जुनी आहे. श्रीधरांनी १७०३ मध्ये ‘रामविजय’ रचला. मोरोपंतांनी १०८ रामायणे लिहिली, असे परंपरा सांगते. त्यांना कोणाचा परवाना लागला नाही. श्रोत्यांनी ऐकले, पोथ्या उतरवल्या, पारायणे केली. मान्यता मिळाली ती अशी. छापखाना आणि स्वामित्वहक्क आल्यावर कथेला कायदेशीर धनी मिळाला. श्रोत्याचा जुना हक्क मात्र कोणत्याच कायद्यात लिहिला गेला नाही, आणि तो नाहीसाही झाला नाही.

१३/
इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद पडले. प्रकाशकाच्या लेखी विषय तेथे संपला. वाचकांनी मात्र रद्दीच्या दुकानांतून अंक शोधले, जपले आणि पुढे पानापानांची छायाचित्रे करून एकमेकांना पोहोचवली. म्हणून एखाद्या मालिकेचा इतिहास लिहिताना लेखकाचे नाव आणि मालकाचा करार पाहून थांबू नये. वाचकांची रागाची पत्रे, थट्टा, जपलेले गठ्ठे आणि वर्गणीतून उभारलेले फलक हीसुद्धा इतिहासाची साधने आहेत. तुमच्या घरी माळ्यावर इंद्रजालचा एखादा अंक पडून असेल, तर तो रद्दीत देण्याआधी एकदा उघडून पाहा. पहिल्या पानावर कोण्या मुलाने आपले नाव आणि गाव लिहिलेले असेल, तर तेही एक साधनच आहे.