नाचता येईना, की अंगणच वाकडे?



मागच्या वेळी आपण खेळातल्या नियमांबद्दल बोललो. आज नियमांच्याही खाली उतरायचं आहे, अगदी पायाखाली. मैदानावर गवत आहे की प्लास्टिक, हा आजचा विषय. विषय ऐकून काही जण हसले, ते आम्ही पाहिलं. हसा खुशाल. पण आपल्याकडे एक म्हण आहे, ‘नाचता येईना अंगण वाकडे’. ही म्हण ज्याच्या तोंडी येते, त्याने निकाल आधीच लावलेला असतो. दोष नाचणाऱ्याचा. अंगण खरोखर वाकडं आहे का, हे सुतळी धरून कोणी मोजत नाही. आज आपण ती सुतळी धरून बघू.

सुरुवात ऑक्टोबर २००७ पासून करू. युरो स्पर्धेच्या पात्रता फेरीत इंग्लंडला मॉस्कोत रशियाशी खेळायचं होतं, आणि लुझ्निकी स्टेडियमवर कृत्रिम हिरवळ होती. परक्या मैदानावर सामना असला की चाहत्यांचे दोन वाद ठरलेले असतात. अकरा जणांत कोण असावं, हा पहिला. तिथलं मैदान आपल्याला मानवेल का, हा दुसरा. इंग्लंडच्या त्या सामन्याआधी हे दोन्ही वाद एकमेकांत मिसळले. टेरी नाही, मग बचावफळी कशी लावायची? जेरार्डच्या जोडीला बॅरी की लॅम्पार्ड? आणि जो कोणी खेळेल, त्याचे गुडघे त्या मैदानावर टिकतील का?

सामना झाला १७ ऑक्टोबरला. लॅम्पार्ड राखीव बसला. रूनीने गोल करून आघाडी मिळवून दिली. दुसऱ्या अर्धात जेरार्डने एक सोपी संधी घालवली. मग रूनीनेच झिर्यानोव्हला ओढलं, रशियाला पेनल्टी मिळाली, ती पावल्युचेंकोने मारली. चारच मिनिटांनी गोलरक्षक रॉबिन्सनच्या हातून सुटलेला चेंडू त्यानेच पुन्हा जाळ्यात घातला. इंग्लंड १-२ हरलं. पाचच आठवड्यांपूर्वी याच रशियाला त्यांनी वेम्ब्लीच्या गवतावर ३-० हरवलं होतं.

झालं! गवतावर ३-०, प्लास्टिकवर १-२. म्हणजे दोष प्लास्टिकचा. आता आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर, त्यामुळे आम्हाला इथे जॉन स्टुअर्ट मिल आठवतो. १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात त्याने कारण शोधण्याच्या काही पद्धती सांगितल्या. त्यातली एक अशी : दोन प्रसंग घ्या, एक गोष्ट सोडून बाकी सगळं सारखं असू द्या. निकाल बदलला, तर ती एक गोष्टच कारण, किंवा निदान कारणाचा भाग. पण वेम्ब्ली आणि मॉस्को यांत एकच गोष्ट बदलली होती का? प्रेक्षक बदलले, प्रवास आला, संघ बदलला, आणि पेनल्टी तर हिरवळीने दिली नव्हती. पुढे नोव्हेंबरमध्ये वेम्ब्लीवर क्रोएशियाशी नुसती बरोबरी पुरली असती. तिथे इंग्लंड २-३ हरलं आणि स्पर्धेबाहेर गेलं. तिथे तर गवतच होतं! आणि तेही धड नव्हतं, कारण काही आठवड्यांपूर्वी त्यावर अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला होता. म्हणजे घरचं अंगणसुद्धा वाकडं असू शकतं.

मिलच्या कसोटीला जरा जवळ जाणारा प्रसंग इतिहासात आहे, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

हे प्लास्टिक आलं कुठून? अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ मध्ये अॅस्ट्रोडोम नावाचं छप्पर असलेलं प्रचंड स्टेडियम उघडलं. छताच्या पारदर्शक तावदानांतून इतका लखलखाट व्हायचा की बेसबॉलच्या खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. ऊन बंद झालं, गवत मेलं. मग १९६६ मध्ये तिथे नायलॉनची हिरवळ अंथरली, आणि तिचं नाव पडलं अॅस्ट्रोटर्फ. मूळ अडचण छताची होती, खेळाची नव्हती, हे लक्षात ठेवा.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये हे लोण १९८१ मध्ये पोहोचलं. लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबने लॉफ्टस रोडवर प्लास्टिक घातलं. तेव्हा त्यांचे व्यवस्थापक होते टेरी व्हेनेबल्स, आणि गंमत अशी की याच माणसाने १९७१ मध्ये गॉर्डन विल्यम्सबरोबर एक कादंबरी लिहिली होती, तिच्या नावाचा अर्थच ‘ते पूर्वी गवतावर खेळायचे’ असा होतो. पुढे १९८५ मध्ये लूटन टाउनने आणि १९८६ मध्ये ओल्डहॅम अॅथलेटिक आणि प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबांनी तेच केलं.

त्या काळचं प्लास्टिक आजच्यासारखं नव्हतं. आज लांब धागे असतात, त्यांत वाळू आणि रबराचे दाणे भरलेले असतात. तेव्हा कडक थरावर आखूड गालिचा, एवढंच. चेंडू टप्पा खाऊन डोक्यावरून जायचा, लांबचा पास पळता पळता हद्दीबाहेर जायचा, आणि घसरून चेंडू काढणाऱ्या बचावपटूची कातडी सोलून निघायची. म्हणून पाहुण्या संघाचे चाहते संघनिवडीवर इतके भांडायचे. नेहमीचा घसरून अडवणारा बचावपटू घ्यायचा की उभ्याने खेळणारा? दुखऱ्या गुडघ्याच्या खेळाडूला विश्रांती द्यायची का? उंच आघाडीवीराला मिळणारा चेंडू त्याच्याही वरून जाणार असेल, तर त्याला घेऊन उपयोग काय? हे प्रश्न बिनबुडाचे नव्हते. यजमान संघ आठवडाभर त्याच फरशीवर सराव करायचा, पाहुणा वर्षातून एकदा यायचा.

पण लॉफ्टस रोडच्या प्लास्टिकवरचा लीगचा पहिलाच सामना बघा. पाहुणा संघ होता लूटन. आणि जिंकलं कोण? लूटन, २-१!

आता तो मिलचा प्रसंग. ओल्डहॅमने १९८९-९० च्या लीग कपात आपल्या प्लास्टिकवर आर्सेनलला ३-१ आणि उपांत्य फेरीत वेस्ट हॅमला ६-० हरवलं. सगळे म्हणाले, प्लास्टिकची कमाई. वेस्ट हॅमच्या घरी ओल्डहॅम ०-३ हरलं तेव्हा तर म्हणणाऱ्यांना जोरच चढला. पण त्याच वसंतात एफए कपच्या उपांत्य सामन्यात, परक्या गवतावर, याच ओल्डहॅमने मँचेस्टर युनायटेडशी ३-३ बरोबरी केली. १९९१ मध्ये ओल्डहॅम वरच्या श्रेणीत गेलं आणि प्लास्टिक निघालं. लूटनचंही त्याच वर्षी निघालं. दोन संघ, एकच श्रेणी, एकाच वर्षी एकच बदल. लूटन पहिल्याच हंगामात खाली घसरलं. ओल्डहॅम मात्र १९९४ पर्यंत टिकलं. प्लास्टिक हेच एकमेव कारण असतं, तर दोघांची गत एकच झाली असती. अंगण वाकडं होतं हे खरं, पण एका संघाला नाचताही येत होतं.

लूटनची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आम्हाला हिरवळीहून महत्त्वाची वाटते. मार्च १९८५ मध्ये लूटनच्या मैदानावर मिलवॉलच्या चाहत्यांनी मोठी दंगल केली. त्यानंतर १९८६ पासून चार हंगाम लूटनने पाहुण्या चाहत्यांना मैदानात येऊच दिलं नाही. म्हणून १९८६-८७ च्या लीग कपातून त्यांना वगळलंही गेलं. म्हणजे पाहुण्यांसाठी अनोळखी जमीन, आणि धीर द्यायला आपलं माणूसही नाही. आधीचा हंगाम धरून आपण पाच वर्षं प्लास्टिकविषयी भांडलो, पण यांपैकी जास्त वाकडं काय होतं?

आता घरी येऊ, कारण हा विषय आपल्याला खरा बोचतो तो हॉकीत. १९७५ मध्ये भारताने क्वालालंपूरला पाकिस्तानला हरवून विश्वचषक जिंकला. आम्ही तेव्हा नुकतेच शिकवायला लागलो होतो, कान रेडिओला लावून बसलो होतो. सव्वा वर्षातच मॉन्ट्रियल ऑलिंपिक आलं, ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. भारत ऑस्ट्रेलियाकडून १-६ हरला आणि सातवा आला. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये त्या दिवसांत एकच वाक्य होतं, ‘गोऱ्यांनी मैदानच बदललं.’ आम्हीही तेच म्हणत होतो, आणि पुढे वर्षानुवर्षं म्हणत राहिलो.

ते खोटं नव्हतं. ज्या देशात असं एकही मैदान सरावाला मिळत नाही, त्याला ही स्पर्धा समान नव्हतीच. पण अर्धंच खरं होतं. आपल्यासारखीच मनगटाची हॉकी खेळणाऱ्या पाकिस्तानने मॉन्ट्रियलला त्याच हिरवळीवर कांस्य मिळवलं आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला सुवर्ण. १९८० मध्ये मॉस्कोत भारतालाही कृत्रिम हिरवळीवर सुवर्ण मिळालं, अर्थात बहिष्कारामुळे बरेच बलाढ्य संघ तिथे नव्हते. म्हणजे आपण जी अडचण नशीब म्हणून सांगत होतो, ती बरीचशी तयारीची आणि पैशाची होती. कारण सांगणं आणि सबब सांगणं यांतला फरक इथेच आहे. कारण आपल्याला पुढच्या कामाला लावतं, सबब बसवून ठेवते. आम्ही बसून राहिलो, हे आज कबूल करतो.

मग मैदानाची प्रत्येक तक्रार सबबच असते का? नाही. २०१५ चा महिलांचा फुटबॉल विश्वचषक कॅनडात झाला, सगळे ५२ सामने कृत्रिम हिरवळीवर. पुरुषांचा विश्वचषक तोवर नेहमी गवतावरच झालेला. अॅबी वॉम्बाख, मार्ता अशा नामवंत खेळाडूंनी २०१४ मध्ये ओंटारिओच्या मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, ती जानेवारी २०१५ मध्ये मागे घेतली गेली. इथे दोन्ही संघांना मैदान सारखंच होतं, त्यामुळे ‘समोरच्याला फायदा’ हा मुद्दाच नव्हता. मुद्दा एवढाच होता की आम्हालाच हे अंगण का? या प्रश्नावर ती म्हण लागूच पडत नाही. वॉम्बाखचा संघ पुढे तोच विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात जपानला ५-२ हरवून. म्हणजे नाचता येणाऱ्यांनीच अंगणाबद्दल विचारलं होतं.

दुसरी बाजूही सांगतो. नॉर्वेतलं बोडो गाव आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे. तिथे गवत टिकवणं किती कठीण! ऑक्टोबर २०२१ मध्ये बोडो/ग्लिम्टने तिथल्या कृत्रिम हिरवळीवर रोमाला ६-१ हरवलं. मोरिन्योंनी बरेच राखीव खेळाडू उतरवले होते, त्यामुळे रोमच्या चाहत्यांना संघनिवड आणि मैदान अशा दोन्ही तक्रारी हाताशी होत्या. पण दोनच आठवड्यांत रोमच्या गवतावरही बोडोने २-२ बरोबरी साधली. एप्रिलमध्ये रोमाने घरी ४-० जिंकून हिशेब चुकता केला. प्लास्टिकमुळे लहान गावाला मोठ्या खेळात जागा मिळते, आणि तीच हिरवळ सामना नसताना गावातल्या पोरांनाही वापरता येते. पावसाळ्यात आपल्याकडच्या मैदानांचा चिखल ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा पुढच्या वेळी परक्या मैदानावरच्या सामन्याआधी संघ लावायला बसाल, तेव्हा जरूर भांडा. फक्त तीन प्रश्न आधी विचारा. हे मैदान दोघांनाही सारखंच अनोळखी आहे का? नसेल, तर सरावाची संधी कोणी कोणाला नाकारली आहे? आणि आपण जिंकलो असतो, तरी ही तक्रार केली असती का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर सुतळी घ्या आणि अंगण मोजायला चला, आम्ही तुमच्याबरोबर येऊ. ‘नाही’ आलं, तर सरावाला लागा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.