औषधांची यादी कोण ठरवतं? मेडिकेअर पार्ट डीची गोष्ट

आज एका यादीचा इतिहास बघूया.

अमेरिकेत मेडिकेअरवर असलेल्या आजी-आजोबांना सप्टेंबर संपता संपता विमा कंपनीचं पत्र येतं. पुढच्या वर्षी काय काय बदलणार, ते त्यात लिहिलेलं असतं. डॉक्टर तेच, दुखणं तेच, गोळीही तीच. पण कंपनीच्या यादीत ती गोळी वरच्या टियरमध्ये सरकलेली असते, किंवा गायबच झालेली असते. या यादीला म्हणतात फॉर्म्युलरी.

ही कल्पना तशी जुनीच आहे बरं का. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, १७७८ साली, पेनसिल्व्हेनियातल्या लिटिट्झ गावच्या लष्करी दवाखान्यासाठी ३२ पानांची एक लॅटिन पुस्तिका निघाली. युद्धामुळे औषधांची टंचाई होती, म्हणून जे हाताशी आहे त्यात कसं भागवायचं, याची ती यादी. पुढे मोठ्या हॉस्पिटलांनी अशाच याद्या केल्या आणि त्या ठरवायला डॉक्टर व फार्मासिस्टांच्या समित्या बसवल्या.

आता येऊया १९६५ मध्ये. ३० जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. हॉस्पिटलचा खर्च आला, डॉक्टरांची फी आली. पण घरी घ्यायच्या रोजच्या गोळ्या त्यात नव्हत्या! तेव्हा मोठा खर्च हॉस्पिटलचा असायचा. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेहासाठी जन्मभर महागड्या गोळ्या घ्यायचा जमाना पुढे आला.

१९८८ मध्ये एक प्रयत्न झाला. औषधांसकट मोठ्या आजारपणाचं संरक्षण देणारा कायदा आला, पण त्याचा खर्च ज्येष्ठांकडूनच जादा कर घेऊन भागवायचा होता. मंडळी खवळली. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत डॅन रोस्टेनकोव्स्की या वजनदार खासदाराची गाडी म्हाताऱ्या माणसांनी अडवली, आणि साहेबांना गाडीतून उतरून पळ काढावा लागला. वर्ष संपायच्या आत कायदा रद्द! त्यानंतर बरीच वर्षं या विषयावर नवा कायदा काही झाला नाही.

मग आलं २००३. २२ नोव्हेंबरच्या पहाटे प्रतिनिधीगृहात मतदान सुरू झालं. एरवी पंधरा मिनिटांत आटपतं, ते जवळजवळ तीन तास उघडं ठेवलं, कारण मतं जमत नव्हती. शेवटी २२० विरुद्ध २१५. ८ डिसेंबरला बुश यांची सही झाली आणि १ जानेवारी २००६ पासून पार्ट डी, म्हणजे औषधांचा विमा, सुरू झाला. तो चालवायचा खासगी कंपन्यांनी.

या कायद्यातलं एक कलम नीट ऐका. सरकारने औषध कंपन्यांशी भावाच्या वाटाघाटीत पडायचं नाही, आणि यादीत कुठली औषधं ठेवायची हेही विमा कंपन्यांना सांगायचं नाही. (हा कायदा घडवणाऱ्यांत पुढे असलेले खासदार बिली टॉझिन २००५ मध्ये औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. यावर मी काही बोलत नाही.)

मग भाव पाडायचा कसा? विमा कंपनीच्या हातात एकच हत्यार उरलं, ते म्हणजे यादी. "तुमची गोळी स्वस्त टियरमध्ये ठेवतो, मागच्या दाराने सूट किती देता बोला." मंडईत गाळा पुढचा हवा असेल तर जास्त मोजावं लागतं, तसंच. दरवर्षी सौदा नवा, म्हणून यादीही नवी.

यातली खरी गोम पुढे आहे. समजा गोळ्यांची छापील किंमत ४०० डॉलर आणि विमा कंपनीला सूट मिळाली २०० ची. आजोबांचा वाटा २५ टक्के असेल, तर तो सहसा ४०० वर मोजतात. म्हणजे १०० डॉलर, ५० नव्हे. सुटीमुळे विम्याचा हप्ता सगळ्यांसाठी थोडा कमी राहतो हे खरं, पण त्याचा भार पडतो तो आजारी माणसावर. मला हा हिशेब उफराटा वाटतो.

अगदीच मोकळं रान मात्र नव्हतं. प्रत्येक औषधगटात किमान दोन औषधं हवीत, हा नियम होता. कॅन्सर, एचआयव्ही, फिट्स, नैराश्य, मनोविकार आणि अवयवरोपणानंतरची औषधं, या सहा गटांत जवळपास सगळीच ठेवावी लागतात. बाकी ठिकाणी अटी: आधी परवानगी घ्या, आधी स्वस्त गोळी घेऊन बघा, महिन्याला इतक्याच गोळ्या.

वर तो कुप्रसिद्ध 'डोनट होल'. २००६ मध्ये औषधांचा खर्च २,२५० डॉलरवर गेला की विमा थांबायचा आणि ५,१०० पर्यंत सगळं स्वतःच्या खिशातून. हप्ता मात्र चालूच! २०१० च्या ओबामांच्या कायद्याने हे भोक हळूहळू, २०२० पर्यंत, बुजवलं.

सरकारचे बांधलेले हात सुटले ते ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने. २०२३ पासून इन्सुलिन महिन्याला जास्तीत जास्त ३५ डॉलर. २०२५ पासून यादीतल्या औषधांवर वर्षाला खिशातून २,००० डॉलरची मर्यादा, २०२६ साठी २,१००. आणि १ जानेवारी २०२६ पासून एलिक्विस, जानुव्हिया, जार्डियन्ससारख्या दहा औषधांचे भाव सरकारने स्वतः वाटाघाटी करून ठरवलेले. ही औषधं विमा कंपन्यांना यादीत ठेवावीच लागतात. २००३ च्या कलमाला पडलेलं हे पहिलं मोठं खिंडार.

ज्यांचे आई-बाबा ग्रीन कार्डवर तिकडे आहेत, त्यांच्यासाठी थोडं. पासष्टी पूर्ण आणि सलग पाच वर्षं वास्तव्य झालं की हप्ता भरून पार्ट बी आणि पार्ट डी घेता येतं. दुसरा तसाच औषधविमा नसताना उशीर केला, तर दर महिन्यामागे एक टक्का दंड हप्त्यात कायमचा चढतो. प्लॅन बदलायची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. त्या काळात बाबांच्या प्रत्येक गोळीचं नाव नव्या यादीत शोधा, टियर आणि अटींसकट. गोळी नसेल तर डॉक्टरांकडून कारण लिहून घेऊन अपवादाचा अर्ज करता येतो. डॉक्टरांचं पत्र पोचल्यापासून ७२ तासांत, आणि तातडीचं असेल तर २४ तासांत, कंपनीला उत्तर द्यावंच लागतं.