हक्काची भाकरी

वीस वर्षें इमानानें केलेलें काम अचानक सुटलें, तर कारागिरानें पोट कसें भरावें? इंग्लंडांत पूर्वीं याला उत्तर म्हणजे संघाची शिल्लक, उसनवारी किंवा गरीबखाना.

१९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानें निराळी वाट काढली. बांधकाम, जहाजबांधणी, ओतकाम इत्यादि धंद्यांतील सुमारें साडेबावीस लक्ष कामगार तींत आले. कामगारानें व मालकानें दर आठवड्यास अडीच अडीच पेन्स भरावयाचे, सरकारनें त्यांत भर घालावयाची. आणि जानेवारी १९१३ पासून बेकारास आठवड्याला ७ शिलिंग मिळूं लागले. त्यासाठीं विम्याचें पुस्तक लेबर एक्स्चेंजच्या कचेरींत ठेवून तेथें हजेरीची सही करावी लागे. गैरवर्तनामुळें काढलेल्यास सहा आठवडे कांहीं मिळत नसे. परंतु नोकरी पांच वर्षांची असो कीं तीस, वर्षांतून १५ आठवड्यांहून अधिक भत्ता नाहीं!

१९३१ सालीं मंदीच्या तडाख्यांत नियम कडक झाले. २६ आठवड्यांनंतर घरांतील सर्वांची मिळकत तपासूं लागले. कमावत्या मुलामुळें बापाचा भत्ता कमी होई. वर्षानुवर्षें वर्गणी भरणाराच याचक ठरला. हा सल तेथील कामगारांच्या मनांतून फार काळ गेला नाहीं.

आपल्याकडे कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ चा. पण कारखाना बंद पडून बेकार झालेल्या विमेदारास भत्ता मिळूं लागला तो २००५ पासून. हक्क कागदावर येण्यास वेळ लागतो. आणि आलेला हक्क ओळखून मागावाहि लागतो.