पेटीतले बाळ आणि पेटीबाहेरची व्यवस्था

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणाकाठचे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना ‘तगर’ म्हणून परिचित आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तिथून भडोच बंदराकडे जाणाऱ्या कापडाचा उल्लेख येतो. वारकऱ्यांसाठी मात्र हे गाव संत गोरोबाकाकांचे. चिखल तुडवताना नामस्मरणात तल्लीन झालेल्या गोरोबांच्या पायाखाली त्यांचे तान्हे मूल आले आणि पुढे विठ्ठलाने ते आईच्या हाती परत दिले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. संतचरित्रकारांनी ती भक्तीची कथा म्हणून सांगितली. ऐकणाऱ्या आयांचे लक्ष मात्र गोरोबांच्या पत्नीकडे, संतीकडे जात असणार. जन्मलेले मूल हाती लागेलच, ही खात्री तेव्हा कोणत्याच घराला नव्हती.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते, असा समज आहे. बाळ-बाळंतिणीजवळ त्या रात्री जागरण असते. या समजामागे अनुभव असावा. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बाळे पहिल्याच आठवड्यात जातात, असे आज वैद्यकशास्त्र सांगते. कारणेही ठरावीक आहेत : वेळेआधी किंवा कमी वजनाचा जन्म, जन्मतःच श्वास न घेणे आणि जंतुसंसर्ग. त्यात पूर्वी नाळेच्या अस्वच्छतेतून होणाऱ्या धनुर्वाताची भर असे. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपणामुळे २०१५ मध्ये भारतातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

अशक्त बाळाला आज दवाखान्यात ठेवले की घरचे लोक सांगतात, ‘बाळ पेटीत आहे.’ अख्ख्या नवजात अतिदक्षता विभागाला आपण एका काचेच्या पेटीचे नाव देऊन टाकले आहे. पेटीचा इतिहास पाहिला तर मात्र वेगळेच काही हाती लागते.

पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी १८८० च्या सुमारास प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवणारे यंत्र पाहिले आणि तशीच ऊबदार पेटी बाळांसाठी करून घेतली. त्यांचे शिष्य प्येर ब्युदँ यांनी पुढचे पाऊल टाकले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तीन गोष्टी लागतात, हे त्यांनी मांडले : ऊब, योग्य पोषण आणि संसर्गापासून बचाव. आजारी बाळे निरोगी बाळांपासून वेगळी ठेवावीत आणि आईला बाळापासून तोडू नये, असा त्यांचा आग्रह होता. आजच्या विभागाचा आराखडा तिथेच तयार झाला होता.

जगाने मात्र आधी पेटी उचलली. मार्टिन कूनी या गृहस्थाने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ पासून १९४३ पर्यंत पेटीतली बाळे तिकीट लावून दाखवली. ऐकून अंगावर काटा येतो. पण तिकिटाच्या पैशांतूनच परिचारिकांचे पगार भागत, आईबापांकडून पैसा घेतला जात नसे आणि कित्येक बाळे जगली. रुग्णालयांकडे तेव्हा अशी सोयच नव्हती.

पुढे पेट्यांत प्राणवायू भरपूर सोडण्याची पद्धत आली. १९४० आणि १९५० च्या दशकांत त्या जादा प्राणवायूने जगभरात सुमारे दहा हजार बाळांची दृष्टी गेली. प्राणवायू किती द्यायचा आणि त्यावर लक्ष कोणी ठेवायचे, हे ठरल्याशिवाय चांगले औषधही घात करते, हा धडा वैद्यकाला फार महाग पडला.

भारतात या शाखेला १९८० मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम’मुळे दिशा मिळाली. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्यापुढे प्रश्न होता तो गर्दीचा, संसर्गाचा आणि तोकड्या साधनांचा. त्यांनी बाटली आणि वरचे दूध बाजूला सारून आईच्या दुधावर भर दिला. १९८९ मध्ये तिथे आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा ती तरुण होईपर्यंत केला. बाळ जगले इतक्यावर न थांबता ते कसे वाढले, कसे शिकले, हे पाहणारे असे काम देशात विरळाच.

पण शहरातला विभाग खेड्यातल्या बाळाच्या काय कामाचा? या प्रश्नाला गडचिरोलीतून उत्तर आले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून गावातल्याच बायांना तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊबदार पिशवीत ठेवणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून गरज पडल्यास इंजेक्शन देणे, हे त्या घरी जाऊन करू लागल्या. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हीच पद्धत राज्यात इतरत्र चालते का, हे पाहण्यासाठी ‘अंकुर’ प्रकल्प झाला. त्यात तेरच्याच जिल्ह्यातील, तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनचा सहभाग होता. आज आशाताई पहिल्या सहा आठवड्यांत ठरावीक दिवशी घरी येऊन बाळ पाहते, त्याचे मूळ या प्रयोगात आहे.

दुसरा धागा बंगालमधून आला. २००३ मध्ये पुरुलिया या मागास जिल्ह्याच्या रुग्णालयात डॉ. अरुण सिंग यांनी आजारी नवजातांसाठी विशेष कक्ष उभारला आणि स्थानिक मुलींना प्रशिक्षण देऊन तो चालवून दाखवला. २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून अशा कक्षांचे जाळे देशभर विणले गेले.

२०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्याची रचना तीन पायऱ्यांची आहे. जिथे बाळंतपण होते तिथे एक कोपरा बाळासाठी : ऊब देणारा वॉर्मर, श्वास देण्याची पिशवी आणि ती वापरता येणारी परिचारिका. श्वास न घेणाऱ्या बाळासाठी पहिले मिनिट मोलाचे असते, ते इथेच मिळते. मधल्या पायरीवरच्या रुग्णालयात छोटा स्थिरीकरण कक्ष. जिल्ह्याच्या ठिकाणी किमान बारा खाटांचा विशेष कक्ष आणि प्रत्येक पाळीत तीन-चार बाळांमागे एक परिचारिका. त्याही पलीकडे, कृत्रिम श्वसनयंत्र लागले तर वैद्यकीय महाविद्यालय. १ जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील नवजाताचे उपचार आणि ने-आण मोफत झाली.

तेर ते धाराशिव हे अंतर सुमारे वीस किलोमीटर. नकाशावर ते काहीच नाही. पण दीड किलोच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते. ते गार पडले की साखर आणि प्राणवायू झपाट्याने खर्च होतात, ते दूध ओढेनासे होते. उघड्यावर नेलेले बाळ जिल्ह्याला पोहोचते ते आणखी आजारी होऊन. तेच बाळ आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून नेले तर ऊब टिकते. या ‘कांगारू’ पद्धतीचा उगम १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरात, पेट्या पुरेनात म्हणून झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासात, ज्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, जन्मानंतर लगेच अशी ऊब दिलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे गरिबीतून निघालेली युक्ती शास्त्राच्या कसोटीला उतरली.

या सगळ्याचे फळ दिसते. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये देशाचा नवजात मृत्युदर हजारी २० होता, महाराष्ट्राचा ११. पण फळ दिसले म्हणून राखण सोडता येत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि दहा बालके गेली. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात होते. वीजवाहिन्यांची तपासणी, रात्रपाळीची माणसे, औषधांचा साठा आणि लांबून उशिरा येणारे रुग्ण, हे विषय तेव्हा चर्चेत आले. खालच्या पायऱ्यांवर ज्यांची सोय होत नाही ती सारी बाळे शेवटच्या पायरीवर गोळा होतात, आणि मग कितीही यंत्रे असली तरी हात पुरत नाहीत.

म्हणून नव्या कक्षाची फीत कापली जाते तेव्हा पेट्या किती, एवढेच विचारून थांबू नये. रात्री दोन वाजता तिथे परिचारिका किती असतील? दुरुस्तीचा माणूस किती दिवसांत येईल? आईला बाळाजवळ बसायला जागा आहे का? घरी गेलेल्या बाळाकडे कोण फिरकणार? पाचवीच्या रात्री घरातली बाईमाणसे बाळाजवळ जागत. ते जागरण आता आपण रुग्णालयांवर सोपवले आहे. तिथे जागणाऱ्यांची संख्या पुरेशी आहे ना, एवढे पाहणे आपले काम आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)